निकालाआधी दुसरी बाजू ऐका

पंक रॉकच्या तमाम चाहत्यांस, आणि नव्या अल्बमवरून सध्या एकमेकांच्या उरावर बसलेल्यांस विशेषकरून,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

बँडचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं, तर पुढचं वाक्य वाचायच्या आत तुम्ही मला कुठल्यातरी गोटात ढकलून मोकळे व्हाल. आणि तसंही नावाने काय फरक पडतो? बँड जुना असो की नवा, अल्बम तिसरा असो की तेरावा, भांडणाची संहिता ठरलेली. अल्बम येतो, पहिलं गाणं संपायच्या आत निकाल लागतो आणि उजाडेपर्यंत दोन्हीकडून तोफा सुरू झालेल्या असतात. एक म्हणतो, विकले गेले. दुसरा म्हणतो, म्हातारे झाले. तिसरा म्हणतो, तुम्हाला समजत नाही, याला वाढ म्हणतात. मधेच एखादी नवखी मुलगी सांगते की तिला शेवटून दुसरं गाणं फार आवडलं, तर ‘तू कधीपासून ऐकतेस यांना?’ असं विचारून तिला गप्प केलं जातं.

भांडू नका, असं सांगायला हे पत्र लिहिलेलं नाही. पंकच्या चाहत्याने भांडायचं नाही तर करायचं काय? हे वेगवान, रागीट रॉक संगीत आधीच्या संगीताशी भांडण उकरूनच जन्माला आलं. माझी तक्रार अशी, की या सगळ्या भांडणात गाण्यांबद्दल कोणी बोलतच नाही. करारावर बोलतात, बँडच्या वयावर बोलतात, निर्मात्याच्या नावावर बोलतात, एकमेकांच्या निष्ठा तपासतात. पण ड्रम कसे वाजलेत, दुसऱ्या कडव्यात बेस काय करतो, शब्दांत दम आहे की नुसता आव, यावर चकार शब्द नाही. जो निकाल कानांनी द्यायचा, तो आपण ऐकण्याआधीच खिशात घेऊन येतो.

ही खोड आजची नाही. द डॅम्ड या बँडचं पहिलं सिंगल, म्हणजे सुटं काढलेलं गाणं, ऑक्टोबर १९७६मध्ये आलं, ब्रिटिश पंकचं पहिलं सिंगल म्हणून ते ओळखलं जातं. जानेवारी १९७७मध्ये लंडनच्या द क्लॅश बँडने सीबीएस या बड्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला, आणि ‘स्निफिन ग्लू’ हे घरगुती मासिक काढणारा मार्क पेरी म्हणाला की त्या दिवशी पंक मेला. जन्मदाखला आणि मृत्युदाखला यांत जेमतेम तीन महिन्यांचं अंतर! क्लॅशचा पहिला अल्बमही तेव्हा यायचा होता.

मेलेल्या पंकच्या त्या बँडने पुढे काय केलं, ते तुम्हाला पाठ आहे. डिसेंबर १९७९मध्ये ‘लंडन कॉलिंग’ आला: दोन तबकड्या, एकोणीस गाणी, आणि किंमत एका तबकडीची. त्यात जमैकातून आलेलं रेगे आहे, स्का आहे, रॉकबिली आहे, जॅझचा वासही आहे. आज पंकच्या थोर अल्बमांची कुठलीही यादी त्याच्यावाचून पुरी होत नाही. पुढच्याच डिसेंबरात ‘सँडिनिस्टा!’ आला: तीन तबकड्या, छत्तीस गाणी. तो स्वस्त ठेवायला कंपनी राजी होईना, तेव्हा पहिल्या दोन लाख प्रतींवरच्या मानधनावर बँडने पाणी सोडलं. करार पाहून निकाल देणाऱ्यांनी ही गोष्ट कुठल्या खात्यात मांडायची?

आणि तरीही ‘सँडिनिस्टा!’ फार लांबला, हे माझं ठाम मत आहे. सहाव्या बाजूवर तर जुन्या गाण्याची मुलांच्या आवाजातली आवृत्ती आणि आधीच ऐकलेल्या गाण्यांची डब रूपं (गायन गाळून, प्रतिध्वनी चढवून केलेली), यांवरच बराचसा वेळ काढलाय. त्यातून एक तबकडी काढायची की दोन, यावर लोक चार दशकांहून जास्त काळ वाद घालताहेत, आणि तो वाद फक्कड आहे. कारण त्यात प्रत्येकाला आपली यादी द्यावी लागते. कुठलं गाणं ठेवलंत, कुठलं उडवलंत, का? तिथे हवेत बोलून भागत नाही.

आता ‘विकले गेले’ म्हणणाऱ्यांची बाजूही नीट मांडू, कारण ती मुळात मूर्खपणाची नव्हती. १९९३मध्ये ध्वनिमुद्रक आणि गिटारवादक स्टीव्ह अल्बिनीने एका लेखात मोठ्या कंपनीच्या कराराचा जमाखर्च मांडला. बँड कल्पित, आकडे मात्र धंद्यातले. अडीच लाख प्रती खपतात, कंपनीला सात लाख डॉलरच्या वर नफा होतो, आणि सगळे खर्च वजा जाता वादकाच्या हाती माणशी चार हजार डॉलरच्या आसपास पडतात. हे वाचलेल्या पोरांनी कंपन्यांना दार बंद केलं, तर त्यांना वेडं कसं म्हणायचं? कॅलिफोर्नियात बर्कलीच्या ९२४ गिलमन स्ट्रीट या पंक क्लबात मोठ्या लेबलच्या, म्हणजे मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या, बँडला मंच मिळत नसे. ग्रीन डे बँडवाले तिथेच वाढले, मोठ्या कंपनीत गेले, फेब्रुवारी १९९४मध्ये त्यांचा ‘डूकी’ हा अल्बम आला, आणि आपल्याच घरचं दार त्यांना बंद झालं. ते उघडलं थेट मे २०१५मध्ये, एका मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी.

हे तत्त्व म्हणून मला पटतं. बिघडतं ते त्याचा सोटा होतो तेव्हा. ‘डूकी’ आला त्याच साली मे महिन्यात, त्याच गिलमनमध्ये, डेड केनेडीज बँडचा गायक राहिलेल्या जेलो बियाफ्राला विकलेला रॉकस्टार म्हणत मारहाण झाली आणि त्याचा पाय मोडला. हा माणूस स्वतःचं स्वतंत्र लेबल चालवत होता! संशयाची नशा चढली की माणसं समोर कोण उभं आहे हेही बघत नाहीत.

करार वाईट असू शकतो. त्यावर जरूर लिहा, कंपनीचं नाव घेऊन लिहा, तबकडी विकत घेऊ नका. पण वाईट करारावर सही करून उत्तम गाणी होतात, आणि गॅरेजमध्ये, स्वतःच्या पैशाने, तत्त्वाला धरून भिकार गाणीही होतात. दुसरा प्रकार आपण सगळ्यांनी भरपूर ऐकलाय. भिडेपोटी बोललो नाही, एवढंच.

जॉब्रेकरचं उदाहरण मला राहून राहून आठवतं. या बँडने मोठ्या लेबलकडे जाणार नाही असं उघड सांगितलं होतं, आणि मग ते डीजीसी या मोठ्या लेबलकडे गेले. १९९५मध्ये ‘डिअर यू’ आला. निर्माता ‘डूकी’वालाच, रॉब कॅव्हालो. म्हणजे चाहत्यांचा राग काही हवेतून आला नव्हता. दिलेला शब्द मोडला होता आणि शब्द मोडणाऱ्यावर रागवायचा हक्क असतो. पण त्या रागाने पुढे कानांचा ताबा घेतला. गायक ब्लेक श्वार्ट्झनबाखचा आवाज या अल्बमवर गुळगुळीत झालाय, घासून पुसून विकायला ठेवलाय, अशी ओरड झाली. या माणसाच्या घशात गाठ होऊन त्यावर शस्त्रक्रिया झाली होती. जन्मभर घसा खरवडून गाणं त्याला परवडणारं नव्हतं, हे कोणी ध्यानात घेतलं नाही. कार्यक्रमात नवी गाणी सुरू झाली की काही चाहते मंचाकडे पाठ करून जमिनीवर बसून राहत. १९९६मध्ये बँड फुटला.

पुढची गंमत तुम्हाला ठाऊक आहे. तो अल्बम हळूहळू कानोकानी पसरला, पुन्हा बाजारात आला, आणि २०१७मध्ये शिकागोच्या रायट फेस्टला जॉब्रेकर पुन्हा एकत्र उभे राहिले तेव्हा त्याच अल्बमची गाणी लोक ओळ न चुकता गात होते. ‘डिअर यू’वरच्या गिटारी खरंच जाड आहेत, थर फार आहेत, मलाही त्यांच्या आधीच्या ‘ट्वेंटीफोर अवर रिव्हेंज थेरपी’चा कोरडा, जवळचा आवाज जास्त भावतो. पण ‘डिअर यू’मध्ये तो दबल्या आवाजात गातो तिथे शब्द जास्त बोचतात. ओरडून म्हटलं असतं तर तो नुसता आवेश वाटला असता. इथे तो माणूस खोलीत एकटा बोलताना सापडतो. पाठ फिरवून बसलेल्याला हे ऐकू येणं शक्यच नव्हतं.

यावरून प्रॉडक्शनकडे, म्हणजे स्टुडिओत आवाज घडवण्याच्या कामाकडे, येतो, कारण नव्या अल्बमवरची निम्मी बोंब त्याचीच आहे. ‘फार चकचकीत झालंय, पूर्वीचा कच्चेपणा गेला.’ ठीक. पण कच्चेपणा आपोआप होतो, अशी जी समजूत त्यामागे आहे ती खोटी आहे. न्यूयॉर्कच्या रामोन्स बँडचा पहिला अल्बम घ्या. १९७६, चौदा गाणी, अर्ध्या तासाच्या आत खेळ खलास, खर्च ६,४०० डॉलर. याहून ओबडधोबड काय असणार? आता हेडफोन लावून ऐका आणि उजव्या कानावरचा काढा. गिटार जवळजवळ गायब! डाव्या कानात डी डी रामोनचा बेस उघडा पडतो, आणि इतका वेळ गिटारचा वाटणारा रेटा बराचसा त्याचा होता हे कळतं. आता उलट करा. जॉनी रामोनचा हात फक्त वरून खाली येतो, प्रत्येक सुरावर वरून खालीच, आणि त्या एका हट्टामुळे कॉर्डला करवतीसारखे दाते येतात. बेस एकीकडे, गिटार दुसरीकडे, ही वाटणी कोणीतरी बसून, विचार करून केली आहे. साठच्या दशकातल्या जुन्या स्टीरिओ तबकड्यांची ती पद्धत. स्वस्तात झालं म्हणजे अडाणीपणे झालं, असं नव्हे.

लंडनच्या सेक्स पिस्टल्स बँडची कथा तर आणखी मजेची. त्यांचा गायक जॉनी रॉटन ‘आय हेट पिंक फ्लॉइड’ लिहिलेला शर्ट घालून मिरवायचा. त्यांच्या १९७७च्या एकमेव स्टुडिओ अल्बमचा निर्माता होता क्रिस थॉमस, ज्याने चार वर्षांपूर्वी पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’च्या मिक्सिंगवर काम केलं होतं. गिटारवादक स्टीव्ह जोन्सने गिटारीवर गिटार चढवून भिंत उभी केली आणि बहुतेक बेसही त्यानेच वाजवला. काम मुख्यतः वेसेक्स स्टुडिओत झालं, ध्वनिमुद्रक बिल प्राइसच्या हाताखाली. दोन वर्षांनी ‘लंडन कॉलिंग’साठी तोच स्टुडिओ, तोच बिल प्राइस. चकचकीतपणा पंकला पहिल्या वर्षापासून चालत आलाय.

मग आजच्या अल्बमला नावं ठेवूच नयेत? खुशाल ठेवा, पण नेमकी ठेवा. स्नेअर ड्रमचा प्रत्येक ठोका हुबेहूब सारखा येतो, जणू एकच ठोका उचलून सगळीकडे चिकटवलाय, असं म्हणा. क्लिक ट्रॅकला (कानात वाजणाऱ्या यांत्रिक ठेक्याला) बांधल्यामुळे कोरसआधी ड्रमर जो किंचित पुढे पळायचा ते पळणं गेलं, असं म्हणा. मास्टरिंगच्या शेवटच्या टप्प्यात सगळंच इतकं वर खेचलंय की शांत जागा आणि दणक्याची जागा एकाच उंचीला आली आणि दणका दणका राहिला नाही, असं म्हणा. हे ऐकून समोरचा गाणं पुन्हा लावेल. ‘आत्मा हरवला’ म्हटल्यावर तो फक्त तुम्हाला शिव्या घालेल, आणि त्याचं काही चुकत नाही.

हट्टाने एका अल्बमबद्दल सविस्तर लिहायचं झालं तर मी ब्लॅक फ्लॅगचा ‘माय वॉर’ निवडतो. १९८४. त्याआधीचा ब्लॅक फ्लॅग म्हणजे दीड-दोन मिनिटांत समोरच्याला आडवं करणारा बँड. ‘माय वॉर’ची पहिली बाजू बऱ्यापैकी त्या ओळखीची आहे. तबकडी उलटली की मात्र सगळं बदलतं. तीनच गाणी, प्रत्येक सहा मिनिटांच्या वर, आणि वेग असा की पुढचा ठोका पडणार की नाही अशी शंका यावी. गिटारचा एक काळाकुट्ट रिफ फिरून फिरून येतो. बिल स्टीव्हन्सनसारखा झपाट्याचा ड्रमर इथे मुद्दाम मागे रेलून वाजवतो. गायक हेन्री रोलिन्स गातो कमी, विव्हळतो जास्त. ज्यांना धक्काबुक्की करत नाचायचं होतं त्यांना ही शुद्ध फसवणूक वाटली. शिव्या पडल्या, आणि पोरांनी केस वाढवले यावरही पडल्या.

माझं विचाराल तर ही दुसरी बाजू आवडण्यासारखी नाहीच. ती आवडावी म्हणून केलेलीच नाही. पंकमधला राग वेगाने वाजवला की मोकळा होतो, घाम येतो, बरं वाटतं. इथे त्याला मोकळं होऊच दिलेलं नाही. एकदा ते ध्यानात आलं की सहा मिनिटांचं प्रयोजन कळतं. वॉशिंग्टन राज्यातल्या काही पोरांना ते तेव्हाच कळलं; मेल्व्हिन्स बँडने तो मंदपणा उचलला, आणि निर्व्हाना बँडच्या कर्ट कोबेनने आपल्या आवडत्या अल्बमांच्या यादीत ‘माय वॉर’ लिहून ठेवला. ज्या बाजूला चाहत्यांनी बँडचा शेवट म्हटलं तिथून दुसऱ्यांची सुरुवात झाली.

हे वाचून ‘वाढ’वाल्या मंडळींच्या मनात लाडू फुटले असतील, तर थांबा. तुमचाही हिशेब बाकी आहे. बँड बदलला म्हणजे सुधारला, आणि ज्यांना पटलं नाही ते कूपमंडूक, हा तुमचा युक्तिवाद तितकाच आळशी आहे. बॅड रिलिजन बँडने १९८३मध्ये ‘इनटू द अननोन’ काढला. सिंथेसायझर, संथ गाणी, सत्तरच्या दशकातल्या रॉकची हवा. चाहत्यांनी तोंड फिरवलं, आणि इथे चाहत्यांचं फारसं चुकलं नाही. अल्बम अगदी टाकाऊ नाही, पण कीबोर्ड गाण्यातून उगवत नाहीत, वरून ठेवल्यासारखे वाटतात. पुढच्या रेकॉर्डचं नाव बँडने ‘बॅक टू द नोन’ ठेवलं. याहून स्वच्छ माघार कोणती? १९८८च्या ‘सफर’मध्ये पंधरा गाणी सव्वीस मिनिटांत बसवून, तीन-तीन आवाजांच्या मेळाने, त्यांनी जे केलं ती खरी वाढ होती. जुन्या वेगातच झाली.

क्लॅशचंच शेवटचं पान उघडा. गिटारवादक मिक जोन्सला काढून टाकलेलं, ड्रमर टॉपर हेडन त्याआधीच गेलेला, आणि व्यवस्थापक बर्नी ऱ्होड्स टोपणनावाने निर्माता होऊन बसलेला. १९८५चा ‘कट द क्रॅप’ ड्रम मशीनच्या खडखडाटात आणि घोळक्याने ओरडलेल्या कोरसमध्ये बुडाला. चाहत्यांनी झिडकारला, आणि आजही फारसं कोणी त्याच्या बाजूने उभं राहत नाही. निष्ठेच्या नावाखाली जे तेव्हा टाळ्या वाजवत राहिले त्यांनी क्लॅशचा गायक जो स्ट्रमर याच्यावर काय उपकार केले? एका गाण्यात, ‘धिस इज इंग्लंड’मध्ये, तो अजून जिवंत ऐकू येतो. खऱ्या चाहत्याने तेवढंच बाजूला काढून दाखवायचं असतं.

जुन्या-जाणत्यांनाही एक सांगायचंय. पहिला अल्बम तुम्ही सतराव्या वर्षी ऐकलात आणि नवा पंचेचाळिसाव्या. बँडचंही तेवढंच वय वाढलंय. पन्नाशीच्या गायकाने वर्गातल्या कंटाळ्यावर गावं अशी अपेक्षा ठेवायची, आणि गायलाच तर पोरकट म्हणायचं, हा कुठला न्याय? उलट, तो वयाला साजेसं काही म्हणतोय का ते बघा: आजारपण, मित्रांचे मृत्यू, कर्ज, स्वतःच्या पोरांची भीती. दोन मिनिटांच्या गाण्यात हे मावतं का, ते बघण्याजोगं आहे. मावत नसेल तर तेही लिहा.

आणि त्या नवख्या मुलीला बोलू द्या. जुना अल्बम तिने नव्यानंतर ऐकलाय, त्यामुळे आपल्याला जी तुलना कधीच करता येणार नाही ती तिला सहज येते. तिला जुना अल्बम ‘नव्या अल्बमच्या कच्च्या मसुद्यासारखा’ वाटला, असं कोणी म्हणालं तर माझंही डोकं सणकेल. पण उत्तर देण्यासाठी मला दोन्ही अल्बम पुन्हा लावावे लागतील, हे मात्र खरं.

एवढं बोललो तर माझा निकालही टेबलावर ठेवतो, नाहीतर म्हणाल पळ काढला. अल्बममधली पहिली दोन गाणी सवयीची आहेत. बँड झोपेतही ती लिहील, आणि बहुधा तशीच लिहिलीत. तिसऱ्यातला शेवटचा कोरस एकदा जास्त येतो. पाचवं गाणं रेडिओसाठी केलंय हे उघड आहे, तरी त्याच्या मधल्या भागात गिटार थांबून नुसता बेस आणि टाळ्या उरतात ती जागा लाजवाब आहे. आठव्याचे शब्द घोषणा आहेत, गाणं नाही. सातवं मात्र गेल्या तीन अल्बमांतलं त्यांचं सर्वोत्तम गाणं आहे. वेग निम्म्यावर आणलाय, गायकाचा आवाज वरच्या सुराला फाटतो आणि तो फाटका सूर त्यांनी दुरुस्त न करता तसाच ठेवलाय.

सातव्याबद्दल मी मागे हटणार नाही. पटत नसेल तर लिहा, फक्त कितव्या मिनिटाला काय खटकलं ते सांगा.

आपला,
पंकचा एक भांडखोर चाहता